खोडलेलं मानपत्र

“खोडा,” नाना म्हणाले.

मी खोडलं. हे सातवं वाक्य होतं.

रंगराव भोईटे, म्हणजे आमच्या अख्ख्या तालुक्याचे नाना, पडवीतल्या खुर्चीत मांडी घालून बसले होते. पंचवीस वर्षं आमदार, निवडणुका पाच, पाचही जिंकलेल्या. येत्या रविवारी त्यांना पंच्याहत्तर पूर्ण होत होती. त्यानिमित्त मार्केट यार्डात जंगी सत्कार ठरला होता आणि मानपत्र लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं होतं. मी तेव्हा अठ्ठावीस वर्षांची; ज्युनिअर कॉलेजात मराठी शिकवायचे, तेही चार वर्षं तात्पुरत्या नेमणुकीवर. तारखा चुकू नयेत म्हणून कच्चा मजकूर नानांना वाचून दाखवायला गेले होते. तारखा सगळ्या बरोबर निघाल्या. बाकीचंच चुकत होतं.

“पुढं वाचा, बाई.”

“‘बेलवाडीच्या नदीवर पूल बांधून आपण बारा वाड्यांचा वनवास संपवलात.’”

“खोडा.”

“नाना, पूल तर आहे. मी कालच त्यावरून आले.”

“पूल हाय. पर त्यो मी न्हाई बांधला. सीतारामानं बांधला.”

सीताराम महामुनी म्हणजे नानांविरुद्ध पाचही निवडणुका लढवून पाचही हरलेला माणूस. पेठेत त्यांचा छापखाना होता आणि ‘टिटवी’ नावाचं चार पानी साप्ताहिक ते एकहाती काढत. दर गुरुवारी पहिल्या पानावर नानांचा उद्धार ठरलेला. ‘आमचे झोपाळू आमदार’ याखेरीज टिटवीत नानांना दुसरं नाव नव्हतं.

“त्यांनी कसा बांधला?” मी विचारलं.

“पायाभरणी मी केली. नारळ फोडला, दगड बसवला, फोटो काढला. पुढं काय हालंना. वर्ष झालं तसं ह्या गड्यानं त्या दगडाचा वाढदिवस केला. वाजंत्री लावली, पेढे वाटले, दगडाला टोपडं घातलं. दुसऱ्या वर्षी परत तेच. दर साली टोपडं मोठं. सहाव्या वर्षी तर दगडाला पहिलीत घालायचा अर्ज घेऊन गेला हेडमास्तरांकडं. मुंबईला गेलो की बाकीचं आमदार मला विचारायचं, काय भोईटे, पोरगं कसंय. मग आणला बघा पूल.”

“म्हणजे आणला तुम्हीच.”

“लाजंनं आणला. लाजंचं मानपत्र देत न्हाईत.”

पुढचं वाक्य मुरमाडच्या सकाळच्या एसटी गाडीचं होतं. तिथल्या मुली शाळेसाठी सात मैल चालत यायच्या. तेही खोडायला लावलं. महामुनींनी एका बैलगाडीला लाल रंग फासला होता, पुढे ‘मुरमाड ते तालुका’ अशी पाटी लावली होती आणि खांद्याला पिशवी अडकवून स्वतः कंडक्टर होऊन मुली आणायला सुरुवात केली होती. गाडीचा पहिला पास नानांच्या घरी पोचता केला होता.

“अजून हाय तो पास माझ्याकडं,” नाना म्हणाले. “बैल पन काय एकेक निवडलं हुतं. गाडी रुबाबात यायची. आमदाराची जीप मागं आनि बैलगाडी फुडं, असा एकदा गावात शिरलो. म्हैन्यात खरी गाडी सुरू केली.”

दोन पानी मानपत्रात नानांचं नाव, जन्मतारीख आणि गाव एवढंच शिल्लक राहायच्या बेताला आलं होतं. नानांच्या पत्नी, ज्यांना सगळे काकी म्हणायचे, दाराच्या चौकटीला टेकून शेंगा निवडता निवडता ऐकत होत्या. मी शेवटचं वाक्य वाचलं.

“‘आता आपण कृतार्थ मनाने विश्रांती घ्यावी आणि सूत्रे नव्या दमाच्या हाती सोपवावीत, हीच तालुक्याची मनोकामना.’”

काकींचा हात थांबला.

“बाई, हे वाक्य तुमचं न्हवं,” त्या म्हणाल्या.

मी चपापले. ‘कृतार्थ’ हा शब्द माझा होता, पण वाक्य सत्कार समितीच्या अध्यक्षांनी सांगितलं होतं. “तुम्हाला कसं कळलं?”

“बाकीच्यात समदा गोडवा हाय. ह्यात घाई हाय.”

मी नानांकडे बघितलं आणि पेन्सिल पुढे केली. नाना म्हणाले, “ऱ्हाऊ द्या ते. तेवढं चांगलं हाय.”

समितीचे अध्यक्ष म्हणजे भाऊसाहेब निकम. खरेदी-विक्री संघाचे चेअरमन तेच, आमच्या शिक्षणसंस्थेचे चेअरमनही तेच. दुसऱ्या दिवशी त्यांनी माझा खोडाखोडीचा कागद चष्मा वर करून, मग खाली करून वाचला.

“हे काय आणलंय, पोतदार मॅडम?”

“नाना म्हणतात, ही कामं त्यांची नाहीत.”

“मॅडम, मानपत्र ज्याला द्यायचं त्याला विचारून लिहीत नसतात. नवरदेवाला विचारून मंगलाष्टकं म्हणतात का?” त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला. “होतं तसं सगळं परत घाला. उद्या सोनेरी चौकटीत बसवायला द्यायचंय.”

“मग निदान महामुनींचं नाव घालू या का कुठंतरी?”

भाऊसाहेब मनापासून हसले. “टिटवीचं नाव शुभकार्यात? भलतंच.” मग त्यांनी टेबलाचा खण उघडून एक टाइप केलेला कागद दाखवला. माझी कायम नेमणुकीची ऑर्डर होती. नाव बरोबर होतं, पगाराची श्रेणी बरोबर होती, फक्त सही नव्हती. “रविवारी कार्यक्रम पार पडला की सोमवारी सही. तुमचा आवाज चांगलाय, तुम्हीच वाचा. आणि ते शेवटचं वाक्य जरा सावकाश वाचा.”

घरी मी, आई आणि शाळेत जाणारी धाकटी बहीण. त्या ऑर्डरची चार वर्षं वाट बघितली होती. मी सगळी वाक्यं परत घातली. अक्षर मुद्दाम सुरेख काढलं.

तरी शनिवारी माझे पाय छापखान्याकडे वळले. का वळले ते तेव्हा मला सांगता आलं नसतं. महामुनी दाराशी उभे राहून छपाईच्या अक्षरांचे शिशाचे खिळे एकेक करून जुळवत होते. शिडशिडीत, वय एकाहत्तर, चष्म्याला एका बाजूला काडीऐवजी दोरा.

“काका, बेलवाडीचा पूल कुणी बांधला?” मी थेट विचारलं.

“कोण विचारतंय? समिती?”

“मी विचारतेय.”

“मग लिहून घ्या. भोईट्यानं.”

“ते तर म्हणतात तुम्ही बांधलात.”

“खोटं बोलतो. पंचवीस वर्षं हेच लिहितोय मी, तो खोटं बोलतो म्हणून.” त्यांनी हातातला खिळा कप्प्यात टाकला. “टोपडं घातल्यानं नदीवर पूल होत नाही, बाई. मुंबईला मंत्र्यांच्या दारात चार दिवस बाकड्यावर बसला होता तो. अंगात ताप. मंत्री मागच्या दारानं निघून जायचे आणि हा पुढच्या दारात रुमाल डोक्याला बांधून बसलेला. पाचव्या दिवशी मागच्या दारात जाऊन बसला, तेव्हा सही मिळाली. मी डोळ्यांनी बघितलंय.”

“तुम्ही तिथं काय करत होतात?”

“त्याच्याविरुद्ध निवेदन द्यायला गेलो होतो.”

“मग हे टिटवीत छापलंत?”

महामुनींनी दुसरा खिळा उचलला. “नाही. निवडणूक तोंडावर होती. छापलं असतं तर निवडून आला असता.”

“ते तसेही आलेच.”

“आलाच ना. म्हणजे छापलं असतं तरी माझं काही बिघडणार नव्हतं. हे सुचायला मला आठ वर्षं लागली.”

मग त्यांनी न विचारताच आणखी एक सांगितलं. दुष्काळाच्या साली मोर्चा काढला म्हणून त्यांना नऊ दिवस तालुक्याच्या कोठडीत ठेवलं होतं. मोर्चा नानांच्याच घरावर होता. नऊही दिवस दोन्ही वेळचा डबा नानांच्या घरून आला. काकी स्वतः घेऊन यायच्या.

“त्याच्या घरची भाकरी खाल्ली आणि आत बसून त्याच्यावरच अग्रलेख लिहिला,” महामुनी म्हणाले. “पिठलं फार चांगलं होतं. तेही लिहिलं असतं, पण जागा नव्हती.”

“उद्या येणार ना सत्काराला?”

“निमंत्रण नाही. पण बातमी करायचीय, तेव्हा मागं कुठंतरी असेन. तुम्ही काय वाचणार आहात?”

मी म्हणाले, “चौकटीत जे आहे ते.”

“हं,” ते म्हणाले आणि परत खिळे जुळवू लागले. त्या ‘हं’पेक्षा त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

रविवारी दुपारी चारला मार्केट यार्ड माणसांनी फुलून गेलं होतं. व्यासपीठावर फेटेच फेटे. नानांना गुलाबी फेटा बांधला होता आणि तो त्यांच्या कानांवर आला होता. मानपत्राची सोनेरी चौकट एवढी मोठी की दोघांनी धरून उभी केली होती. मी माइकसमोर गेले आणि वाचायला लागले. ‘लोकनेते’, ‘दीनांचे कैवारी’, ‘विकासाचे भगीरथ’. जिथे जिथे टाळी पडावी असं वाटून लिहिलं होतं, तिथे तिथे टाळी पडली. भाऊसाहेब मान डोलवत होते.

बेलवाडीच्या पुलाशी आले तेव्हा माझी नजर नानांकडे गेली. डोळे मिटून बसले होते. हात मांडीवर होता, आणि अंगठ्यानं ते मांडीवर एक आडवी रेघ ओढत होते. कुणाला दाखवायला नाही. आपलं आपल्याशीच.

मी थांबले.

“हे वाक्य चुकलंय,” मी म्हणाले. माइक चालू होता, त्यामुळे ते अख्ख्या यार्डाला ऐकू गेलं.

पुढचं मी ठरवून बोलले नाही. दगडाचे वाढदिवस सांगितले. टोपडं सांगितलं, पहिलीचा अर्ज सांगितला. बेलवाडीची माणसं उजव्या अंगाला बसली होती. ती आधी हसली, मग सगळं यार्ड हसलं. मग मी मुंबईचं बाकडं सांगितलं, चार दिवसांचा ताप सांगितला, आणि हे बघितलेला माणूस कोण तेही सांगितलं. हसणं हळूहळू थांबत गेलं. त्यानंतर बैलगाडी, कोठडी, डबे. एक गोष्ट नानांनी सांगितलेली महामुनींची, एक महामुनींनी सांगितलेली नानांची. भाऊसाहेबांनी माझ्याकडे एक चिठ्ठी पाठवली. ‘फक्त वाचा’ एवढंच लिहिलं होतं. मी ती माइकच्या दांड्याखाली ठेवली. 

शेवटचं वाक्य मात्र मी चौकटीत होतं तसंच वाचलं, आणि सावकाश वाचलं. नानांनी ते खोडलेलं नव्हतं.

नाना उत्तराला उभे राहिले. आधी फेटा काढून खुर्चीवर ठेवला.

“बाईंनी सांगितलं ते तुमी ऐकलं,” ते म्हणाले. “मी त्यांच्याकडनं समदं खोडून घेतलं हुतं. विनय म्हणून न्हवं. हे मानपत्र घरी न्यायचं, भिंतीला लावायचं. रोज सकाळी त्याच्यासमोर बसून चहा प्यायचा. रोज खोटं वाचत बसलो तर चहा गोड कसा लागंल?”

लोक हसले.

“शेवटचं वाक्य तेवढं खोडलं न्हाई. ते भाऊसायबांचं हाय.” भाऊसाहेब सावरून बसले. “विश्रांती घ्या म्हणत्यात. घेतो. खरंच दमलोय. ह्या खेपंला मी निवडनुकीला न्हाई.”

पहिल्या रांगेतून एक-दोन ‘नाही, नाही’ आले, पण ते फारसे जोरात नव्हते. भाऊसाहेबांनी शेजारच्याकडून हार मागून घेतला. माणूस जागेवरून उठायच्या तयारीत असला की कसा बसतो, तसे ते बसले होते. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. नवा दम म्हणजे भाऊसाहेब स्वतः; सत्कार कसला, तो निरोपसमारंभ होता, आणि त्याचं निमंत्रण मी माझ्या सुरेख अक्षरात लिहिलं होतं.

“आता नव्या दमाच्या हाती सूत्रं द्यायची म्हनत्यात,” नाना पुढे म्हणाले. “नवा कोन? जो त्या खुर्चीत एकदाबी बसला न्हाई, त्यो नवा. पाच येळा परयत्न करून जो बसला न्हाई, त्यो तर कोराच. तालुक्यात असा एकच हाय. वय एकाहत्तर.” ते मागच्या रांगांकडे बघू लागले. “सीताराम, कुठं हाईस? माझं मत तुला.”

भाऊसाहेब अर्धवट उठले होते, ते तसेच राहिले. “नाना, पक्ष काय म्हणेल?”

“काढंल मला. काढू दे. इश्रांतीच घ्यायचीय न्हवं?”

शेवटच्या रांगेत महामुनी उठून उभे राहिले होते. हातात वही, कानावर पेन्सिल. त्यांना माइकची गरज कधीच लागत नसे.

“मला हे मान्य नाही,” ते म्हणाले. “पंचवीस वर्षं मला विरोध करून पाडलंस. आता पाठिंबा देऊन पाडतोस?”

“पाडायचं का निवडायचं, ते ह्यांना ठरवू दे. तू खाली बस.”

“मी बसणार नाही.”

“मग ऱ्हा उभा,” नाना म्हणाले.

यार्ड असं हसलं की चौकट धरलेल्या दोघांनी ती खाली ठेवली. महामुनींना आपण काय बोलून बसलो हे कळायला क्षणभर वेळ लागला. त्यांनी वही मिटली आणि चालू पडले. भाऊसाहेबांच्या हातात हार होता, तो शेवटी नानांच्याच गळ्यात घालावा लागला.

सोमवारी मला कागद मिळाला, पण तो वेगळा होता. पुढील सत्रापासून आपल्या सेवेची आवश्यकता नाही. सही मात्र स्पष्ट होती. आईनं दोनदा वाचला आणि विचारलं, “खरं बोललीस म्हणून काढलं?” मी हो म्हणाले. “मग जेवून घे,” ती म्हणाली.

पुढच्या गुरुवारी टिटवीत अग्रलेख आला, ‘झोपाळू आमदारांचा नवा डाव’. त्याच्या पुढच्या गुरुवारी बेलवाडीची आणि मुरमाडची माणसं छापखान्यासमोर येऊन बसली आणि अर्ज भरल्याशिवाय उठेनात. महामुनींनी अर्ज भरला तो चिडूनच. मग ते माझ्या घरी आले. चहाला नको म्हणाले.

“या भानगडीत टिटवी बंद पडेल,” ते म्हणाले. “तुमच्यामुळे झालंय हे. तेव्हा टिटवी तुम्ही काढायची. पगार कॉलेजाएवढा जमणार नाही. वेळेवर मात्र देईन.”

याला आता सत्तावीस वर्षं झाली. टिटवी मीच काढते.

त्या निवडणुकीसारखा प्रचार मी पुन्हा पाहिला नाही. नाना आणि महामुनी एकाच जीपमधून फिरायचे आणि गावोगाव पारावर उभे राहून भांडायचे. पूल कुणी आणला, गाडी कुणी सुरू केली. प्रत्येक जण ते श्रेय दुसऱ्याच्या गळ्यात मारायला बघायचा. माणसं शेतातली कामं टाकून ऐकायला यायची. भाऊसाहेबांना तिकीट मिळालं होतं, मोठी सभाही मिळाली होती, पण त्यांच्या सभेला कुणी हसत नव्हतं. महामुनी सहाशे त्रेचाळीस मतांनी निवडून आले.

निकाल सोमवारी लागला. बुधवारी सकाळी मी अंकाची जुळणी करत होते, तर नाना छापखान्याच्या पायऱ्या चढून आले. धाप लागली होती. स्टुलावर बसले.

“बाई, लिवून घ्या.”

“काय लिहू, नाना? अभिनंदन?”

“अभिनंदन कशाला? आमदारावर लिवायचंय. पांढरवाडीच्या शाळंचं छप्पर उडून दोन दिस झालं. पोरं चिंचंखाली बसत्यात. हा गेला का बघायला?”

“नाना, त्यांच्या गळ्यातले हारसुद्धा अजून उतरले नाहीत.”

“म्हनूनच. हार उतरायच्या आत लिवलं तर माणूस वाचतो. मागनं त्याला आपलं नाव कुठं आलंय तेवढंच दिसतं. मी पंचवीस वर्सं आमदार हुतो, मला इचारा.”

ते सांगत गेले, मी लिहीत गेले. त्यांच्या तोंडची भाषा मी फारशी बदलली नाही. वर मथळा काय द्यायचा विचारलं, तर म्हणाले, “‘आमचे नवे झोपाळू आमदार’. आनि खाली माझं नाव टाका. त्यानं कधी टाकलं न्हाई, मी टाकतो.”

गुरुवारी दुपारी महामुनी अंक हातात घेऊन छापखान्यात आले. खांद्यावर अजून गुलाल होता. माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. दारातच उभे राहून त्यांनी पहिलं पान वाचलं. मग पहिल्यापासून परत एकदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना त्यांचे ओठ हलत होते. अंकाची घडी घालून त्यांनी ती खिशात ठेवली.

“पांढरवाडीची गाडी किती वाजता आहे?” त्यांनी विचारलं.

“दीडला.”

त्यांनी घड्याळात बघितलं. गाडीला चाळीस मिनिटं होती. ते पांढरवाडीच्या रस्त्यानं चालतच निघाले.